डिंकाची मिशी

सर्कशीत मी जोकर होते, पण हा जोकर बाई आहे हे लोकांना ठाऊक नव्हतं. ढगळी विजार, पट्ट्यापट्ट्यांचा कोट, डोक्यावर चेपलेली हॅट, नाकावर लाल गोळा आणि ओठावर मिशी, असा माझा अवतार. मिशी डिंकानं चिकटवलेली असायची. उन्हाळ्यात घामानं तिचं एक टोक सुटायचं, मग ते दातांत धरून मी आयटम पुरा करायची. लोकांना वाटायचं, ही पण गंमतच असंल.

हे कसं झालं ते सांगायचं तर शेळ्यांपासून सांगावं लागतं.

आमचं घर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. धनगराचं घर. सासू म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून मी तिला आत्याच म्हणायची. माझ्या बापानं मी लहान असतानाच मेंढरं विकून साखर कारखान्यावर काम धरलं होतं, त्यामुळं धनगराची लेक असून मला शेरडं हाकता येत नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा आत्यानं मला माळावर नेलं आणि हाळी शिकवली. दोनदा जीभ टाळूला आपटायची, मग ओठ सैल सोडून लांब 'ब्रुर्रर्र', आणि शेवटाला एक बारीक शीळ. मी म्हणाले, "आत्या, बाईमाणसानं शीळ घालावी का?"

"शेरडाला काय ठावं बाई का गडी," आत्या म्हणाली. "ये म्हटलं की आलं पायजे. घाल शीळ."

पुढं पावसानं दगा दिला. चारा संपला, मग पाणी संपलं, आणि एकेक करून सगळी शेरडं बाजारात गेली. नवरा काम हुडकायला औरंगाबादला गेला. तिथं आमखास मैदानावर सर्कस उतरली होती. घोड्या-उंटांना वैरण-पाणी करायला त्यांना माणूस हवा होता, म्हणून ह्यांना ठेवून घेतलं. महिन्याभरात निरोप आला, सर्कशीच्या मुदपाकखान्यात चपात्या लाटायला बाई पायजे, तू ये.

माझी पोरगी तेव्हा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. मी तिला कडेवर घेऊन निघाले, तर आत्यानं ती माझ्याकडून काढून घेतली. "तंबूतंबूनं कुठं फिरवतीस तिला? माझ्याकडं ठिव. बरे दिस आले की ये न्यायला." एसटीत बसले तेव्हा माझं अंग नुसतं हलकं हलकं लागत होतं, कडेवर कोणी नाही म्हणून.

सर्कस म्हणजे एक गावच होतं. त्याचा पाटील म्हणजे शेठ. माणूस कडक, पण जेवायला सगळ्यांच्या पंगतीत बसायचे आणि चपाती करपली तरी ताट टाकून उठायचे नाहीत. मुदपाकखान्याच्या मागं सर्कशीच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या. अरुंद फळीवरून चालायच्या, एवढ्याशा स्टुलावर चारी पाय गोळा करून उभ्या राहायच्या. त्यांना शिकवणारा माणूस बहिणीच्या लग्नाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या कोणाचं त्या ऐकंनात. मी मात्र त्यांना भाजीची देठं, सालपटं घालायची. एका सकाळी त्या सुटल्या आणि थेट झुल्याच्या जाळीत जाऊन अडकल्या. माणसं काठ्या घेऊन धावली. मी लाटणं हातात धरूनच बाहेर आले आणि आत्याची हाळी दिली. सगळ्या गुमान माझ्यामागं चालत आल्या.

शेठ दाढीला साबण लावून उभे होते. तसेच म्हणाले, "बाई, उद्यापासून बकरीचा आयटम तू दाखवायचा."

मी रात्रभर नवऱ्याला सांगत होते, मला जमायचं नाय. तो म्हणाला, "तू कुठं काय करणारेस? शेरडंच करतील. तू निस्ती हाक मार." साडीत पाय अडकंल म्हणून मला तंबूवाल्या गड्यांची खाकी विजार-सदरा दिला. केस टोपीत खोचले. पहिल्या दिवसापासून लोकांनी मला गडीच समजलं, त्यात कोणाचा काही डाव नव्हता.

आठवडाभर सगळं सुरळीत झालं. मग एका दुपारच्या खेळाला कोणी बडे पाहुणे आले. पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात झेंडूचा गलेलठ्ठ हार. आमचा पांढरा बोकड फळीवर निम्म्यात आला, थांबला, त्यानं मान वळवून हाराकडं पाहिलं आणि फळी सोडून सरळ पाहुण्यांच्या मांडीवर पुढचे पाय टेकून जेवायला लागला. मी पळत गेले. बोकडाची शिंगं धरून मी मागं ओढते, बोकड हार ओढतो, आणि हारात पाहुण्यांची मान. शेवटी दोरा तुटला. मी उताणी रिंगणातल्या भुशात, पाय वर, आणि बोकड माझ्या पोटावर उभा राहून निवांत फुलं चावतोय.

सगळा तंबू हसत होता. असं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बसायच्या फळ्या हादरत होत्या. मी तशीच उठून मुदपाकखान्यात पळाले आणि पिठाच्या डब्यामागं तोंड लपवून रडायला लागले. आता दोघांचंही काम गेलं, असंच धरून चालले.

तिथं चाचा आले. चाचा म्हणजे सर्कशीतले सगळ्यात जुने जोकर. उंच, काटकुळे, तोंडावर अजून पांढरा रंग. ते औरंगाबादचेच, भडकल गेटच्या बाजूचे. घर हिमरूच्या शाली विणणाऱ्यांचं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, गिऱ्हाईक राहिलं नाही, माग बंद पडला, आणि तेव्हा तरणे असलेले चाचा एका सर्कशीच्या मालगाडीत चढून गेले ते गेलेच. त्या दिवसांबद्दल ते ह्याहून जास्त कधी बोलले नाहीत.

ते चुलीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "रोती कायको?"

"सगळे हसले," मी म्हणाले.

"हौ, हँसे ना! मेरी पूरी उमर गई लोगां को हँसाने में. तू एक बार फिसली, पूरा तंबू उलट गया. और रोती बैठके." मग हळू आवाजात म्हणाले, "पाहुणा बी हँस रहा था. शेठ से पूछ रहा था, वो दुबला पोट्टा किधर गया बोलके."

काम गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चाचांनी मला पडायला शिकवायला घेतलं.

सकाळी जनावरांची सरावाची वेळ संपली की रिंगणात भुशाची पोती अंथरायची आणि पडायचं. पुढं पडायचं, मागं पडायचं, बसता बसता खुर्ची नाही म्हणून पडायचं. हनुवटी छातीला लावायची, श्वास आधी सोडून द्यायचा, हात कधी टेकायचे नाहीत. अंग ठणकायचं. नवरा उंटाच्या बादल्या बाजूला ठेवून बघत उभा राहायचा आणि मी पडले की तोंड फिरवायचा. अंग तयार झाल्यावर चाचांनी खरी गोष्ट सांगितली. म्हणाले, "गिरने के पैले ऐसा चलना बाई, जैसे तू कभी गिरतीच नै." ते मला समजायला फार दिवस लागले. मी पडायच्या आधीच पडायची तयारी करायची, आणि ती लोकांना दिसायची. चाचा मात्र रिंगणात यायचे ते एखाद्या जहागीरदारासारखे. मान ताठ, नजर वर, आणि पायाखाली बादली.

तेव्हा मला जोकर करायचं ठरलं, पण बाई म्हणून का गडी म्हणून, ह्यावर चाचा आणि शेठ भांडले. चाचांना बाई हवी होती. "नया होयेगा," ते म्हणत. शेठ म्हणाले, "चाचा, गडी पडला की लोक हसतात. बाई पडली की लोक विचारतात, काय झालं."

करून बघू म्हणून एका दुपारी मला साडीवर रिंगणात पाठवलं. मी ऐटीत चालत आले, बादलीत पाय घातला आणि शिकवल्यासारखी अगदी झकास पडले. तंबूतून एकच आवाज आला, "अगं बाई!" आणि सगळं चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारबांनी तर पाणी आणायला माणूस पिटाळला. पडद्यामागं शेठनी नुसतं चाचांकडं बघितलं. त्या संध्याकाळी चाचांनी बोकडाच्या दाढीचे केस कातरले, कापडावर बसवले आणि माझी मिशी तयार केली.

आवाजानं बाई ओळखू येईल म्हणून मी रिंगणात बोलायचं नाही असं ठरलं. मी नुसती शीळ घालायची आणि शेरडांना हाळी द्यायची. आयटम असा होता: मी मोठ्या रुबाबात शेळ्यांना हाक मारते आणि त्या येत नाहीत. पुन्हा मारते, त्या पाठ फिरवतात. मी रागावून काठी उगारते तेव्हा बोकड मागून येऊन मला ढुशी देतो. शेवटी मी कंटाळून फळीवर स्वतःच चालते आणि पडते, आणि शेळ्या एका रांगेत माझ्या अंगावरून उड्या मारत फळीवर जातात. न येण्याची खूण म्हणून मी हाळीतली शेवटची शीळ खायची. तेवढं त्यांना शिकवलं होतं.

त्या मिशीनं मला किती मुलूख दाखवला! सुरतेला पहिल्यांदा समुद्राचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. माळावर जन्म गेला असता तर मला काय ठावं, की नदी एवढी रुंद असते, की काही गावांत लोक भाकरीऐवजी भातच खातात, की भाषा कळली नाही तरी पडलेला माणूस सगळीकडं सारखाच कळतो. कुठल्याही गावात आमच्या तंबूत येऊन बसलेल्या माणसानं मला परकं धरलं नाही. अजून ते आठवलं की मी मनातल्या मनात हात जोडते.

एकच ठसठस होती. वर्षातून एकदा आम्ही गावी जायचो. पोरगी आत्याला 'माय' म्हणायची आणि माझ्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं दाराआडून बघायची. आत्याला एवढंच ठाऊक होतं की सून सर्कशीत चपात्या लाटते. सुरुवातीला ते खरंच होतं. पुढं तिनं विचारलं नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. सून विजार घालून, मिशी लावून चारचौघांत उताणी पडते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

काही वर्षांनी सर्कस फिरून परत औरंगाबादला आली. खेळ सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. दुपारचा तीनचा खेळ. मी पडद्यातून बाहेर आले, बँड वाजला, मान ताठ करून निम्मं रिंगण चालले आणि गॅलरीत मला लाल फ्रॉक दिसला. तो फ्रॉक मीच पाठवला होता. त्याच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली आत्या.

निरोप नाही, काही नाही. सकाळच्या एसटीनं कन्नडहून निघून, नातीला सर्कस दाखवायला आणि लेकाला भेटायला ती आली होती. आधी तिकीट काढून खेळ बघायचा आणि मग आत जायचं, असा तिचा बेत.

त्यांच्याकडंच बघत मी पुढचं पाऊल टाकलं. मी ठरल्या जागेच्या आधीच पडले. लोक हसले. आत्याही हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसत होती. पोरगी बसायच्या फळीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, बरं झालं, ओळखलं नाही. आता आयटम उरकायचा आणि आत पळायचं.

पण शेरडांना हाक मारल्याशिवाय आयटम कसा होणार? मी हाळी दिली, शेवटची शीळ खाऊन. शेळ्यांनी पाठ फिरवली, लोक हसले. आत्याचं हसू थांबलं. मी दुसऱ्यांदा हाळी दिली. शेळ्या आणखी लांब गेल्या. आत्या मान पुढं काढून बघायला लागली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा मला दिसलं, आत्या उभी राहिली. तिला ते सोसवेना. जन्मभर शेरडं राखलेली बाई ती. हाक मारल्यावर शेरडू येत नाही म्हणजे काय!

तिनं तोंडावरचा पदर काढला आणि गॅलरीतून हाळी दिली. पुरी, शेवटच्या शिळेसकट. घाटात घुमते तशी ती तंबूत घुमली.

सगळ्या शेळ्यांनी एकदम माना वळवल्या. रिंगणाचा कठडा ओलांडून, खुर्च्यांतनं वाट काढत, माणसांच्या मांड्यांवरनं त्या गॅलरीकडं सुटल्या. बायका किंचाळायला लागल्या, पोरं खिदळायला लागली. मी मागं पळाले आणि कठड्याला अडकून अगदी खरीखुरी पडले. बँडवाल्याला काही सुचेना म्हणून त्यानं जोरात ढोल बडवायला घेतला. उठून बघते तर आत्या बोकडाचा कान धरून गॅलरीतून खाली येत होती, आणि बाकीची शेरडं तिच्यामागं रांगेनं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रंगाखालचं तोंड तिनं निरखून बघितलं. मग हात पुढं करून मिशीचं सुटलेलं टोक धरलं आणि ओढलं. मिशी तिच्या हातात आली. तंबू नुसता कोसळायचा बाकी राहिला.

त्या गोंगाटात ती हळूच म्हणाली, "तूच व्हय गं?"

मी मान हलवली.

"मग शेरडं अशी हाकतीस व्हय? शीळ कुठंय शेवटाची? मी काय शिकवलं हुतं तुला?"

"आत्या," मी कशीबशी म्हणाले, "त्यांनी न यायचंच असतंय. खेळ हाय तसा."

आत्यानं शेळ्यांकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. "असं व्हय," म्हणाली. तिनं मिशी माझ्या ओठावर परत दाबून बसवली, उलटी बसवली ती, टोकं वर करून, आणि पदर सावरून आपल्या जागेवर जाऊन बसली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडद्याशी शेठ डोक्याला हात लावून उभे होते.

खेळ संपल्यावर ती आत आली. मी तोंड धुऊन, साडी नेसून, खाली मान घालून उभी. नवरा तंबूच्या दाराशी, ना आत ना बाहेर. आत्या एका ट्रंकेवर बसली. चाचांनी स्वतःच्या हातानं तिला चहा आणून दिला. तिनं तो बशीत ओतून संपवला. मग कपबशी खाली ठेवून म्हणाली, "रोज पडतीस?"

"व्हय."

"रोजच्या सगळ्या खेळांत?"

"व्हय, आत्या."

"लोकं लई हसत हुती," ती म्हणाली. "मी बी हसले. माझीच सून हाय हे ठावं असतं तर हसू आलं नसतं मला. बरं झालं ठावं नव्हतं."

माझे डोळे भरून आले. नवरा म्हणाला, "माय, गावात काय सांगायचं?"

"ते मी सांगते. तुमाला दोघास्नी सांगता यायचं नाय नीट," ती म्हणाली. आणि तिनं खरंच सांगितलं. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा पाणवठ्यावरच्या बायकांनी मला मधे घेऊन विचारलं, कशी पडतीस गं, दाखव की.

त्या दिवशी तंबूत चाचांनी पोरीच्या कानातून अंडं काढून दाखवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती माझ्याकडंच टक लावून बघत होती. मग जवळ येऊन म्हणाली, "परत पड." मी साडीवरच ट्रंकेवरून घसरून पडले. ती हसली. "परत." मी परत पडले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मी जमिनीवर पसरलेली असताना ती येऊन माझ्या पोटावर बसली आणि तिनं माझ्या गालाला राहिलेला पांढरा रंग बोटानं पुसला. आपणहून माझ्याजवळ ती तेव्हा पहिल्यांदा आली.

शेठ दुसऱ्याच दिवशी आत्याच्या मागं लागले, म्हातारबाई, रोज गॅलरीत बसून हाळी द्या. आत्या म्हणाली, माझी ज्वारी काढायचीय. पण उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा ती नातीला घेऊन आली आणि सर्कशीच्या गाडीत बसून आमच्याबरोबर गावोगाव हिंडली. पुढं बरेच उन्हाळे आली. शेरडांचं सगळं तिनंच बघितलं. उंटवाल्याला ती उंटाच्या खाण्यावरून झाडायची. चाचांचं दखनी आणि तिची घाटावरची बोली, दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळायचं, आणि उरलेल्या निम्म्यावरून ते चहा पिता पिता भांडायचे. मनात आलं तर ती गॅलरीत जाऊन बसायची आणि हाळी द्यायची. तिकीट काढून आलेल्या लोकांना ती खेळातलीच बाई आहे हे कधी कळलं नाही.

माझ्यावर आत्याचे उपकार किती, ते मी मोजत बसत नाही. माझी पोरगी तिनं वाढवली, आणि वाढवलेली पोरगी मला परतही दिली. आत्या गेली तेव्हा आम्ही लांब होतो. निरोप मिळून पोचेपर्यंत तिसरा दिवस झाला होता. पोरीनं सगळं केलं होतं. तेव्हा ती मोठी झाली होती.

पुढं सर्कशीचे दिवस उतरत गेले. घराघरांत टीव्ही आला. मोठी जनावरं गेली, मग आमच्या शेळ्याही एका शेतकऱ्याला दिल्या. शेठ थकले. चाचांची नजर अधू झाली आणि ते भडकल गेटला भाच्याच्या घरी येऊन राहिले. काही वर्षांनी ह्यांचा दमा वाढला तेव्हा आम्हीही औरंगाबादला परत आलो आणि शहराच्या कडेला हर्सूलला खोली केली. पोरीला शहरात नोकरी लागली होती, तिचाच आधार.

रिकामं बसवेना. शाळांची गॅदरिंगं, वाढदिवस, लग्नाआधीचे कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं मी मिशी लावून जायची. अधूनमधून चाचांना भेटायला जायची. ते खाटेवर बसलेले असायचे, हातानं चाचपडत माझा चेहरा बघायचे. शेवटच्या ईदेला मी गेले तेव्हा म्हणाले, "गिरके दिखा." मी म्हणाले, चाचा, तुम्हाला दिसतं कुठं? "सुनता ना मैं," ते म्हणाले. मी त्यांच्या सतरंजीवर पडले. त्यांनी मान हलवली. "घुटना पैले लगा तेरा. बुड्ढी हो गई तू." भाच्याची सून शिरखुर्मा घेऊन आली तर आम्ही दोघंही हसत होतो. त्याच थंडीत ते गेले. पडायला ज्यानं शिकवलं त्याच्यामुळं माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, हे त्यांना मी कधी नीट बोलून दाखवलं नाही. पण त्यांना ते ठाऊक असावं.

त्यानंतरची एक गोष्ट सांगते. संक्रांतीच्या सुमाराला काही बायका माझ्याकडं आल्या. हर्सूलच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत त्या तिळगूळ वाटायला जाणार होत्या. थोडी करमणूक म्हणून तुम्ही येता का, असं विचारलं. मी सामान घेऊन गेले. दारावर पिशवी तपासली. शिपाईबाईंनी मिशी हातात घेतली, डिंकाची बाटली बघितली आणि म्हणाल्या, "आजी, वेष बदलायचं सामान आत नेता येत नाही. नियम आहे." बरोबरच होतं त्यांचं. तुरुंगात मिशी कशी नेऊ देतील! लाल नाक, हॅट, कोट, सगळं तिथंच राहिलं.

तर मी साडीवर, पांढऱ्या केसांनी, जशी होते तशी आत गेले. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी मान ताठ करून चालत आले, पाय अडखळला आणि पडले. शेठ म्हणाले होते तेच झालं. हाय हाय करून दोघी-तिघी उठल्या, एक दांडगी बाई धावत आली आणि मला काखेत हात घालून उचलायला लागली. मी तिचा आधार घेऊन उठले, तिचे आभार मानले, ऐटीत साडी झटकली, एक पाऊल टाकलं आणि परत पडले. तिनं परत उचललं. तिसऱ्यांदा मी तिला घेऊनच खाली बसले. आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर. ती माझ्याकडं बघतच राहिली, मग म्हणाली, "म्हातारे, मुद्दाम करतीस व्हय?"

कोपऱ्यातून एकजण फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळी बराक. त्या दांडग्या बाईला हसू आवरेना, तिला उठताच येईना, आणि आता तिला उचलायला बायका यायला लागल्या आणि पडायला लागल्या. त्यात मी शिकवलेलं काहीच नव्हतं. मी बाजूला बसून बघत होते. तिथल्या शिपाईबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. नवरा रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली बसून होता, मफलर गुंडाळून. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"किती येळ लावला," तो म्हणाला. "लागलं का कुठं?"

"नाय," मी म्हणाले. मग दोघं मिळून स्टॉपवरच्या गाडीवर गेलो आणि गरम भजी खाल्ली.